मोरचुदाची माती

बाबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, एक नियम होता. बागेवर मोरचूद-चुन्याचा फवारा झाला की त्या बागेत मेंढरू येऊ द्यायचं नाही. पाऊस पडून पानं धुऊन निघाली तरी नाही, छाटणी होऊन पानं मातीत मिसळली तरी नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी धनगरांचे वाडे आमच्या निफाड तालुक्यात उतरत. लेंडीखतासाठी सगळं गाव त्यांची वाट बघायचं, बाबाही बघायचे. पण आमच्याकडे वाडा बसायचा तो गहू निघालेल्या मोकळ्या रानात. द्राक्षबागेच्या बांधावर बाबा स्वतः काठी घेऊन उभे राहत. शेळी आत शिरली तर नुसतं हाकलत. मेंढी दिसली की त्यांचा आवाज चढायचा.

या नियमामागची हकिकत ते आम्हा नातवंडांना सांगत. तरुणपणी ते एका मोठ्या बागायतदाराकडे सालदार होते. एका साली बागेत गवत फार माजलं, मजूर मिळेनात, म्हणून मालकाने एक वाडा बागेतच बसवला. मेंढरांनी गवत खाल्लं, खालची निळसर पानं खाल्ली, दिवस चांगले गेले. वाडा हलला आणि पुढच्या मुक्कामावर मेंढरं पडायला लागली. सकाळी धडधाकट दिसलेलं जनावर संध्याकाळी उठत नव्हतं. डोळे पिवळे पडले, लघवी काळपट लाल झाली. धनगर परत आला तो थेट मालकाच्या दारात. कोणी करणी म्हणालं, कोणी गवतात विषारी पाला होता म्हणालं. मालकाने देवाचा अंगारा दिला. बाबा सांगायचे, "अंगाऱ्यानं काय उतरतंय? पानावर निळं होतं, ते पोटात गेलं. आन् पोटातून बाहेर आलंच नाही."

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पण त्यांचं हे शेवटचं वाक्य कुठल्याही पशुवैद्यकाने मान्य करावं इतकं नेमकं होतं. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि मेंढीचं यकृत तांबं साठवत जातं. पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची तिची ताकद गाईपेक्षा किंवा शेळीपेक्षा बरीच कमी असते. कित्येक आठवडे वरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या दिवशी, लांबच्या चालीने किंवा उपासाने जनावरावर ताण आला की यकृतातला साठा एकदम रक्तात उतरतो, तांबड्या पेशी फुटतात आणि डोळे पिवळे, लघवी लाल होऊन मेंढी दगावते. बागेत असताना न मेलेली मेंढरं पुढच्या मुक्कामावर का मेली, याचं उत्तर यात आहे.

ही हकिकत लहानपणी ऐकली तेव्हा मेंढरांची दया आली होती. शेतीचं थोडं वाचायला लागल्यावर त्याच हकिकतीतून दुसरा प्रश्न पुढे आला आणि तो अजून सुटलेला नाही. मेंढरांनी खाल्लं ते थोडंसं. बाकीचं निळं, जे वर्षानुवर्षं पानांवर बसलं आणि पानांबरोबर खाली पडलं, ते कुठे गेलं?

आमच्या भागात द्राक्ष फार जुनं असलं तरी व्यापारी बागेचा इतिहास शंभर वर्षांचा. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास खाण्याच्या द्राक्षांची बाग लावली, तिथून नाशिकचं द्राक्ष मोजलं जातं. बाबांनी पाहिलेल्या जुन्या बागांत तारा नव्हत्या, लोखंडी अँगल नव्हते. वेल चढायचा पांगाऱ्यावर. पांगाऱ्याचे खुंट वेलाशेजारी लावायचे, ते फुटायचे, त्यांची छाटणी करून सावली आवरायची, आणि त्या जिवंत खांबाच्या आधाराने भोकरी जातीचा वेल उभा राहायचा. मोठी आई, म्हणजे आजी, सांगायची की पांगाऱ्याला लाल फुलं आली की लांबून बाग पेटल्यासारखी दिसायची. भोकरीचा मणी हिरवट पिवळा, पातळ सालीचा, बी असलेला. आज बाजारात तो शोधून सापडत नाही.

या बागांचा मोठा वैरी केवडा. आज सगळे डाऊनी म्हणतात. ढगाळ हवा, पाऊस, पहाटेचं दव, की पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडावा तसा पिवळा डाग उमटतो. पान उलटं करून पाहिलं की खाली पांढरी बुरशी. फुलोऱ्यातल्या घडावर ती बसली तर चार दिवसांत घड तपकिरी होऊन कुजतो, आणि वर्षाचा माल डोळ्यांदेखत जातो. त्यावर बाबांच्या पिढीकडे खात्रीचं औषध एकच होतं: बोर्डो मिश्रण.

ते कसं करायचं हे मोठ्या आईकडून ऐकावं. घरात ते काम तिच्याकडे होतं, आणि ती सांगायला बसली की एकही पायरी गाळत नसे. पाच पौंड मोरचूद, पाच पौंड कळीचा चुना, पन्नास गॅलन पाणी. मोरचुदाचे खडे निळ्या खडीसाखरेसारखे. ते फडक्यात बांधून रात्रीच पाण्यात लटकत ठेवायचे, म्हणजे सकाळपर्यंत विरघळतात. तळाशी टाकले तर विरघळत नाहीत. भांडं लाकडाचं नाहीतर मातीचं, लोखंडाचं कधीच नाही. चुना वेगळ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून विझवायचा; तो उकळतो, तेव्हा लेकरांना लांब ठेवायचं. दोन्ही गार झाल्यावर जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घ्यायचं आणि तिसऱ्या पिंपात दोन्ही धारा एकदम सोडायच्या. एक जण काठीने ढवळत राहील. आकाशी रंगाचं, दुधासारखं दाट पाणी तयार झालं की बाबा विळा आणायचे. घासून लख्ख केलेलं पातं पाण्यात बुडवून थोडा वेळ धरायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तसंच मारलं तर पान जळणार. मग चुन्याची निवळी आणखी घालायची आणि पुन्हा विळा. पातं जसं गेलं तसं बाहेर आलं की पंप भरायचा.

त्या विळ्यावर चढणारा थर म्हणजे शुद्ध तांबं. मोकळं तांबं पाण्यात शिल्लक असलं की ते लोखंडावर बसतं. चुना पुरेसा पडला की ते चुन्याशी बांधलं जाऊन बारीक निळ्या कणांच्या रूपात राहतं, पानाला चिकटतं, आणि दवाच्या पाण्यात अगदी थोडं थोडं सुटत राहतं. तेवढं बुरशीच्या बीजाणूला मारायला पुरतं. आज प्रयोगशाळेत सामू मोजून जे ठरवतात ते मोठी आई आणि बाबा विळ्याच्या पात्यावर ठरवत होते, आणि मला ते काम फार सन्मानाचं वाटतं.

हे औषध ज्या गावाच्या नावाने ओळखलं जातं ते बोर्डो फ्रान्सच्या नैर्ऋत्येला आहे. तिथे केवडा १८७८ मध्ये पहिल्यांदा दिसला. त्याआधी फिलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीने फ्रान्समधल्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या, आणि त्या किडीला दाद न देणारे खुंट अमेरिकेतून आणले जात होते. अमेरिकेतून आलेल्या या वेलांबरोबरच केवडाही आला असं मानतात. एका संकटावरचा उतारा दुसरं संकट घेऊन आला. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे १८८२ च्या शरद ऋतूत मेदोक भागातल्या सेंट-जुलियाँच्या बागांतून जात होते. सगळीकडे केवड्याने पानं झडलेली. रस्त्याच्या कडेच्या ओळी मात्र हिरव्या, आणि त्यांच्या पानांवर निळसर काहीतरी वाळलेलं. त्यांनी बोकायू इथल्या बागेचे कारभारी एर्नेस्त दाविद यांच्याकडे चौकशी केली. उत्तर मिळालं की वाटसरू घड चोरतात, म्हणून रस्त्याकडेच्या वेलांवर तांब्याचा क्षार आणि चुना शिंपडायची इकडची रीत आहे. फळ विषारी दिसलं की कोणी हात लावत नाही. मिलार्दे यांनी या रीतीवर रीतसर प्रयोग केले. रसायनशास्त्रज्ञ उलिस गायों यांची त्यांना साथ मिळाली, दाविद यांनी बागेत चाचण्या घेतल्या, आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध झाली. थोड्याच वर्षांत ती जगभर गेली.

ही गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली होती. तेव्हा ते थकले होते, ओसरीवरच असायचे. ऐकून झाल्यावर त्यांनी शेतकऱ्याने विचारावा तोच प्रश्न विचारला: "त्या बागा अजून हायेत का?"

आहेत. सेंट-जुलियाँच्या बागा आजही उभ्या आहेत आणि त्यांची वाइन जगात महागड्या वाइनमध्ये गणली जाते. पण युरोपातल्या जुन्या बागांच्या मातीने सव्वाशे-दीडशे वर्षांचं तांबं स्वतःजवळ ठेवून घेतलं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही भागांत हेक्टरी वर्षाला २० ते ३० किलो तांबं पडत होतं, कुठे कुठे त्याहून जास्त. फ्रान्स-इटलीच्या बहुतेक मातीत मुळात किलोमागे ५ ते ३० मिलिग्रॅम तांबं असतं. जुन्या द्राक्षबागांच्या वरच्या थरात ते १०० ते ५०० मिलिग्रॅमपर्यंत मोजलं गेलं आहे. युरोपीय संघाने २५ सदस्य देशांतल्या मातीचे नमुने तपासले तेव्हा सरासरी तांबं किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम निघालं, आणि द्राक्षबागांच्या मातीत सुमारे ४९. यात नव्या, कमी फवारलेल्या बागाही आल्या.

तांबं मातीत का राहतं याचं कारण साधं आहे. कीटकनाशकाचा किंवा इतर बुरशीनाशकाचा रेणू ऊन, पाणी आणि जिवाणू मिळून कधीतरी तोडतात. तांबं मूलद्रव्य आहे. त्याला तोडायला काही नाही. पाण्याबरोबर खोल जाईल म्हणावं, तर तेही फारसं नाही, कारण ते सेंद्रिय पदार्थाला आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतं. वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरमध्येच ते साचत राहतं. पिकाबरोबर बाहेर जातं ते ग्रॅमच्या हिशोबात, आणि येतं किलोच्या हिशोबात.

जुन्या वेलाला याची झळ लागत नाही, कारण त्याची मुळं या थराच्या खाली गेलेली असतात. म्हणून बागायतदाराला काही बिघडलंय हे कळतच नाही. कळतं ते बाग काढून नवं रोप लावल्यावर, किंवा त्या रानात दुसरं पीक घेतल्यावर. कोवळ्या मुळांची टोकं खुंटतात, लोह उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात. आम्लधर्मी आणि वाळूमिश्रित मातीत हे जास्त होतं, कारण तिथे तांबं मोकळं राहतं.

आणि गांडूळ. इंग्लंड आणि नेदरलँड्समध्ये सफरचंदाच्या ज्या बागांवर वर्षानुवर्षं तांब्याचे फवारे झाले, तिथे अभ्यासकांना झाडांखाली न कुजलेल्या पानांचा जाड थर आढळला. पान पडतं, पण ते खाली ओढून नेणारं गांडूळ उरलेलं नाही, म्हणून ते जमिनीवरच साचतं. गांडूळ तांब्याच्या मातीपासून दूर जातं, आणि राहिलं तर त्याची अंडी घटतात. बागेत पाचट आणि शेणखत घालून गांडुळाची वाट बघणाऱ्या आमच्या शेतकऱ्याने हा पानांचा थर डोळ्यांसमोर आणून पाहावा.

माणसांचंही सांगायला हवं. पोर्तुगालच्या पिमेंटेल आणि मार्केस या दोन डॉक्टरांनी १९६९ मध्ये द्राक्षबागांत बोर्डो मारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचा आजार नोंदवला. फुप्फुसांत निळसर हिरवे चट्टे आणि आत तांबं. वैद्यकात तो द्राक्षबागेत फवारणाऱ्यांचा फुप्फुसविकार म्हणूनच नोंदला गेला. आमच्या घरी फवारा मारायचे नाना, बाबांचे धाकटे भाऊ. पायाने दाबायचा पंप एकाने चालवायचा आणि नळी नानांच्या हातात. तोंडाला उपरण्याचं एक टोक, तेही दुपारपर्यंत सुटलेलं. संध्याकाळी त्यांच्या भुवया निळ्या असायच्या, धोतर निळं, आणि मोठी आई त्यांना न्हाणीत जायच्या आधी चिंचेचं पाणी द्यायची हात चोळायला. नानांना म्हातारपणी खोकला होता. पण ते विडीही ओढत, म्हणून तो खोकला मोरचुदाचा असं मी म्हणणार नाही. त्यांच्या छातीत काय होतं हे कोणी तपासलं नाही, एवढं मात्र खरं.

कोस्टा रिकात हेच औषध केळीवर मारलं गेलं. सिगाटोका नावाच्या करप्यासाठी युनायटेड फ्रूट कंपनीने १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या मळ्यांवर बोर्डोचा अक्षरशः पाऊस पाडला. फवारणाऱ्या मजुरांचं अंग आणि कपडे निळे-हिरवे व्हायचे म्हणून लोक त्यांना 'पेरिको', म्हणजे पोपट, म्हणत. कंपनी त्या भागातून निघून गेली, मळे मोडले, जमिनी दुसऱ्यांच्या हाती आल्या. त्यांनी भात पेरला आणि भात नीट येईना. मातीत तांबं होतं. ज्यांनी एक फवाराही मारला नव्हता त्यांच्या वाट्याला ती माती आली. ब्राझीलच्या दक्षिणेत, रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, इटलीहून गेलेल्या शेतकऱ्यांनी डोंगरउतारावर द्राक्षं लावली आणि पावसाळी हवेत बोर्डोवरच ती जगवली. तिथल्या काही जुन्या बागांत किलोमागे ३,००० मिलिग्रॅमहून जास्त तांबं मोजलं गेलं आहे.

मग आमचं काय? इथे मला घाईने निष्कर्ष काढायचा नाही, कारण आमची माती युरोपची माती नाही. नाशिकची काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून झाली आहे, आणि बेसॉल्टमध्ये मुळातच तांबं बरंच असतं. म्हणून फ्रान्सचा आकडा उचलून निफाडला लावला तर चूक होईल. शिवाय आपल्या जमिनी चुनखडीच्या, सामू आठच्या आसपास. अशा मातीत तांबं बांधून राहतं, मुळांना सहज मिळत नाही. आमच्या बागा अजून तग धरून आहेत त्याचं श्रेय या मातीला आहे.

पण तांबं बांधून राहिलं म्हणजे गेलं असं नाही, आणि फवारे थांबलेले नाहीत. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या पिढीत पांगारा गेला, भोकरी गेली. मांडव आले, थॉमसन आली, तासगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली तास-ए-गणेश आली. पायपंपाच्या जागी ट्रॅक्टरचा ब्लोअर आला. केवड्यावर आंतरप्रवाही औषधं आली आणि वर्षाला नवी येत राहिली. तरी बोर्डो कायम राहिला, कारण तो स्वस्त आहे आणि एकाच ठिकाणी वार करणाऱ्या नव्या औषधांना बुरशी सरावते तशी ती तांब्याला सहज सरावत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांवर डाग पडतील म्हणून तो टाळतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी पक्व होत आली की पावसाळाभर, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, पानं टिकवायला तोच मारतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या पावसाने फुलोऱ्यातल्या बागा डाऊनीने नेल्या, तेव्हापासून आमच्या भागात ढग दिसला तरी हात पंपाकडे जातो. मी त्या हाताला दोष देत नाही. एका रात्रीत वर्षाचं पीक गेलेलं मी घरात पाहिलं आहे.

हिशोब मात्र मांडायला हवा. मोरचुदात वजनाचा साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. एकरी ४०० लिटर पाणी आणि १ टक्का बोर्डो धरला तर एका फवाऱ्याला ४ किलो मोरचूद, म्हणजे सुमारे १ किलो तांबं. पावसाळ्यात असे चार फवारे झाले तर एकरी ४ किलो. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती अंदाजे ८०० टन भरते. सगळं तांबं त्यात राहिलं तर दरसाल किलोमागे ५ मिलिग्रॅमची भर, वीस वर्षांत १००. अर्धा टक्का मारणाऱ्याचा आकडा निम्मा होईल, आठ फवारे करणाऱ्याचा दुप्पट. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. वर्षाला सरासरी हेक्टरी ४ किलो, म्हणजे एकरी जेमतेम १.६ किलो. आपल्या पूर्ण मात्रेच्या दोन फवाऱ्यांतच ती ओलांडली जाते. नेदरलँड्स आणि डेन्मार्क यांनी तर बुरशीनाशक म्हणून तांब्याला परवानगीच ठेवलेली नाही. सेंद्रिय शेती करणाऱ्यांना वाटतं की आपण यातून सुटलो. खरं तर त्यांची अडचण मोठी आहे, कारण सेंद्रिय नियमांत केवड्यावर चालणारं भरवशाचं औषध अजून तांबंच आहे.

आमच्या जुन्या बागेच्या कोपऱ्यात, विहिरीजवळ, बोर्डोचं पिंप वर्षानुवर्षं एकाच जागी असायचं. उरलेला गाळ तिथेच ओतला जाई. ती जागा खाटेएवढी असेल. आजही तिथे हरळी विरळ येते, आणि कुदळ मारली की ढेकळाला हिरवट पांढरी झाक दिसते. आजूबाजूच्या मातीत पावसाळ्यात गांडूळ सापडतं, तिथे सापडत नाही. चुनाही तिथेच सांडला, मोरचूदही तिथेच, त्यामुळे कुणा एकावर बोट ठेवता येणार नाही. पण त्या ढेकळाने मला माती तपासायला लावली.

तपासणीतून कळलं ते इथे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला. सरकारची मृदा आरोग्यपत्रिका २०१५ पासून मिळते. तिच्यात बारा गोष्टी तपासतात, आणि त्यात तांबंही आहे. पण ते तपासतात कमतरता शोधण्यासाठी. पिकाला उपलब्ध तांबं किलोमागे ०.२ मिलिग्रॅमहून कमी असलं तर 'कमी', त्याच्या वर असलं तर 'पुरेसे'. एक असलं तरी पुरेसे, दहा असलं तरी पुरेसे, चाळीस असलं तरी पुरेसे. वरची हद्द पत्रिकेत नाही. ज्या काळात शेतकऱ्याच्या जमिनीत जस्त-लोह कमी पडत होतं त्या काळाच्या गरजेतून हे मोजमाप आलं, आणि ज्वारी-बाजरीच्या रानाला ते ठीक आहे. चाळीस-पन्नास वर्षं निळा फवारा प्यायलेल्या बागेला ते पुरत नाही.

निर्यातीच्या घडाची आपण किती काळजी घेतो ते आठवा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली आणि गावोगावच्या बागायतदारांची झोप उडाली. आज कुठल्या औषधाचा किती अंश चालतो आणि काढणीच्या किती दिवस आधी हात थांबवायचा, हे आमच्याकडे दहावीतलं पोरगंही सांगतं. प्रत्येक नोंदणीकृत प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत जातो. ज्या मातीतून तो घड येतो तिच्यातल्या तांब्याचा आकडा मात्र आमच्या गावात मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणाकडेही लिहून ठेवलेला नव्हता.

उपाय नाहीत असं नाही. मात्रा अर्ध्यावर आणता येते. काडी पक्व होताना अर्ध्या टक्क्याच्या फवाऱ्यावर बऱ्याच वेळा भागतं. पान किती वेळ ओलं राहिलं ते पाहून फवारा ठरवता येतो. बागेत हवा खेळती ठेवली, गर्दीची काडी वेळेत काढली तर केवड्याला थारा कमी मिळतो. केवड्याला दाद न देणारे वाण युरोपात लावले जात आहेत, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कटावबा या अमेरिकन वंशाच्या द्राक्षाशी ब्यूटी सीडलेसचा संकर करून काढलेला एआरआय-५१६ हा रसाचा वाण बुरशीला चांगलं तोंड देतो. खाण्याच्या पांढऱ्या सीडलेसमध्ये असा वाण हाती आला तर मोरचुदाची गरजच निम्मी होईल, आणि सरकारने संशोधनाचा पैसा आधी तिथे घालावा असं माझं ठाम मत आहे. मातीत साचलेलं तांबं काढून टाकायचा परवडणारा मार्ग मात्र आज कुणाकडेच नाही. शेणखत-कंपोस्ट घालून ते बांधून ठेवता येतं, इतकंच.

म्हणून ज्यांच्या बागा वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत आणि जे यंदा-पुढच्या साली बाग काढून नवे डॉगरिज खुंट लावणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे. लावणीआधी माती तपासायला द्याल तेव्हा वरच्या १५ सेंटिमीटरचा नमुना वेगळा द्या आणि त्याखालच्या थराचा वेगळा. शेजारच्या कधीही न फवारलेल्या पडीक तुकड्याचाही एक नमुना द्या, म्हणजे खडकातून आलेलं तांबं किती आणि पंपातून आलेलं किती ते कळेल. पत्रिकेवर 'पुरेसे' लिहून आलं तर तेवढ्यावर परत येऊ नका, आकडा मागा. तो आकडा प्लॉटच्या नावाने वहीत लिहा, आणि पुढच्या तपासणीचा आकडा त्याखाली लिहायला जागा सोडा.